पहिल्या खेळाचा फैसला

मालेगावात ईदच्या दिवशी माणूस टॉकीजमधून बाहेर पडला की त्याला ईद मुबारक म्हणायच्या आधी लोक विचारतात, “कसा आहे?” आणि आमच्या गल्लीत हा प्रश्न एकाच माणसाला विचारायची रीत होती. माझ्या नवऱ्याला. नाव वसीउल्ला. मी नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, इथे एकदा घेतलं ते पुरे. लोक त्यांना वसी चाचा म्हणायचे.

शुक्रवारी यंत्रमागाचे कारखाने बंद, म्हणून ह्यांना सुट्टी. नवा सिनेमा लागला की हे पहिल्या खेळाला हजर. खेळ सुटला की नाक्यावरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर येऊन बसायचे. गडी आधी बशीतून चहा संपवणार, मिशी पुसणार, मग बोलणार. तोवर पंचवीस-तीस बाप्ये नुसते तोंडाकडे बघत उभे. मला हसू यायचं. घरात भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर ‘हं’ करणारा माणूस, आणि बाकड्यावर काझी!

पण बोलायचे झकास, हे कबूल केलं पाहिजे. बुलेटवरून दाढी कुरवाळत येणाऱ्या हीरोबद्दल म्हणाले, “साठी उलटली, पोरीच्या वयाच्या बाईबरोबर नाचतोय. गुडघा दुखतो ते कपाळावर दिसतं. पण लाजत नाही, म्हणून चालेल. पैसे फिटतील.” एका मोठ्या बापाच्या मुलाबद्दल म्हणाले, “ह्याला रडायला सांगितलं की हा शिंक दाबल्यासारखा करतो. जाऊ नका.” आणि एका सिनेमात व्हिलन आमच्यातलाच होता, डोळ्यांत सुरमा, डोक्याला टोपी, हातात बॉम्ब. पोरं चिडून बाहेर आली होती. हे म्हणाले, “आता टोपी दिसली की पब्लिकला कळतं हा काय करणार. त्यात नवीन काय? पण त्या नटाने काम इमानदारीने केलंय. हीरोपेक्षा त्याचीच नजर खरी आहे. शिव्या लिहिणाऱ्याला द्या, त्याला नको.” शेवटी एक वाक्य ठरलेलं, “डायलॉगला तर तोड नाही,” किंवा “डायलॉगमध्ये दम नाही.” झाला फैसला. शनिवारी सकाळी कारखाने सुरू झाले की तो फैसला मागामागांवरून फिरायचा. तिथे खडखडाट असा की शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी ऐकू जात नाही. सगळं बोलणं हातांनी नि ओठांनी. एका हीरोसाठी दंड फुगवायचा, एकासाठी केस मागे सारायचे, एकासाठी नाक मुरडायचं, आणि मग अंगठा वर नाहीतर खाली. दुपारपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याला कळलेलं असायचं.

आणि हा माणूस ठार बहिरा होता.

खोटं वाटेल, पण कित्येक वर्षं कुणालाही पत्ता नव्हता. कसा लागणार? कारखान्यात कान लागतातच कुणाला? समोरच्याचे ओठ वाचायची सवय पोरवयापासूनची. टॉकीजमध्ये शिट्ट्या आणि आरडाओरडा. नाक्यावर सगळे समोर उभे राहून बोलणार. मला कळलं ते दुधामुळे. चुलीवर दूध उतू चाललं होतं, माझे हात कणकेत. पाठमोऱ्या ह्यांना मी ओरडून ओरडून सांगतेय आणि हे आपले मजेत नखं कापतायत. पुढ्यात जाऊन उभी राहिले, तेव्हा माझं तोंड बघून म्हणाले, “काय झालं? आग लागली का?”

त्या दिवशी मी रडले. माझं माहेर निफाडकडचं, आमच्या घरात मराठीच बोलतात. लग्न होऊन इथे आले तेव्हा ह्यांनी माझं तोडकंमोडकं उर्दू ऐकून घेतलं, एकदाही हसले नाहीत. त्याच माणसाला आता माझा आवाज ऐकू जात नव्हता. म्हटलं, “डॉक्टरकडे चला. मशीन मिळतं कानाला.”

“मशीन लावून मागावर उभा राहू? सेठ बघेल नि त्याच दिवशी घरी बसवेल.”

खरंच होतं ते. मागाचा धोटा, आडवा धागा घेऊन पळणारा टोकदार लाकडी ठोकळा, सरळ ये-जा करतो तोवर ठीक. बिघडला की उडतो, आणि उडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. कान असलेला विणकर लगेच माग थांबवतो. पलीकडच्या कारखान्यात धोटा उडून एकाचा डोळा गेला, तेव्हापासून सगळ्या सेठ लोकांनी ठरवलं की बहिरा माणूस मागावर नको. हे मागाच्या लाकडावर तळहात ठेवून धोट्याची चाल ओळखायचे. एकदाही उडू दिला नाही. पण ते सेठला सांगून पटणार होतं का? कान गेला म्हणजे माग गेला, आणि माग गेला म्हणजे चूल गेली. मुलगी धुळ्याला दिलेली, मुलगा भिवंडीत स्वतःचंच कसंबसं भागवतोय. ह्या वयात दुसरं काम कोण देणार होतं?

“मग ते सिनेमाचं बोलणं तरी बंद करा,” मी म्हणायचे. “झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला चारचौघांत तोंड उघडता?”

“अगं वेडे, इतकी वर्षं बोलतोय. एकाएकी गप्प बसलो तर विचारतील ना, वसी चाचा गप्प का?”

बोलणं थांबलं तर संशय, बोलत राहिलं तर धोका. मग मी टीव्हीवर नव्या सिनेमाची गाणी ऐकून ह्यांना सांगायला लागले, अमकं चांगलं आहे, तमकं म्हणजे नुसते डबे बडवलेत. गाणं ह्यांना माझ्याकडून कळायचं. चेहरा वाचायला मात्र ह्यांना कुणी नको होतं. म्हणायचे, “ऐकू येणं गेल्यापासून सिनेमा जास्त कळतो. आवाजाने माणूस फसवतो. डोळ्यांनी फसवणारा नट फार मोठा असावा लागतो, आणि तेवढे मोठे हल्ली राहिले नाहीत.”

ह्या ईदला सगळं फुटलं.

मी टॉकीजमध्ये नव्हते. आमच्याकडे बायका त्या गर्दीत जात नाहीत. पण जे झालं ते मी मोबाईलवर इतक्यांदा बघितलंय की तिथे असते तर एवढं बघितलं नसतं. हीरोची एंट्री झाली, पोरं खुर्च्यांवर चढली, आणि तिथेच टॉकीजचा आवाज गेला. पडद्यावर चित्र चालू, आवाज शून्य. मध्यांतरापर्यंत तसंच. लोक पिसाळले. पैसे परत द्या म्हणून पडद्यावर चपला फेकल्या, मॅनेजरला शिव्या घातल्या. आणि हे मधल्या रांगेत बसून शांतपणे सिनेमा बघतायत. ह्यांना वाटलं, ईद आहे, पब्लिक खूश आहे. दरसाल असंच तर असतं! मध्यांतरानंतर आवाज आला, ते ह्यांना कुठून कळणार?

बाहेर आमच्या गल्लीतला तौफिक उभा होता. पोरांचा बाप झालाय, पण मोबाईलवर चॅनेल चालवतो आणि टॉकीजबाहेर लोकांची मतं घेतो. मोबाईल आपल्या तोंडापुढे धरून त्याने विचारलं, “चाचा, अर्धा सिनेमा बिनआवाजाचा दाखवला. काय म्हणणं आहे तुमचं?”

मोबाईलमागे त्याचे ओठ झाकलेले. ह्यांना वाटलं, नेहमीचंच विचारतोय.

“पहिला हाफ एक नंबर,” हे म्हणाले. “आईच्या मयतावर तो जे बोलतो ना, काळजाला हात घातला त्याने. खूप वर्षांनी डोळ्यांत खरं पाणी दिसलं. गाणं पण छान आहे. आणि डायलॉगला तर तोड नाही.”

मग मागची गर्दी अशी हसली की मोबाईल हलायला लागला. कुणीतरी ह्यांच्या पाठीमागे टाळ्या वाजवल्या, कानाशी शिट्टी मारली. हे तौफिककडे बघून हसतायत. वाटतंय, फैसला पसंत पडला. सगळ्यांत मोठ्याने हसतोय तो मकबूल, शेजारच्या मागांवरचा, पंधरा वर्षांपासूनचा जोडीदार. पोट धरून वाकलाय.

घरी आले तेव्हा खुशीत होते. शेवया मागितल्या, दोनदा घेतल्या. म्हणाले, “आज लोक फार खूश झाले बघ.” मी तोवर शेजारणीच्या मोबाईलवर ते बघून बसले होते. वाटी भरून दिली आणि चुलीकडे तोंड करून बसले, म्हणजे माझे ओठ दिसायला नकोत. पण रात्रीपर्यंत मलाच राहवलं नाही. मोबाईल आणून समोर धरला. त्यांनी स्वतःला बघितलं, मग मागच्या हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बघितले. मकबूलचा आला तेव्हा बोटाने चित्र थांबवलं आणि बराच वेळ बघत राहिले.

कारखाने उघडले तोवर ते सेठच्या मोबाईलवरही पोचलं होतं, आणि त्याने ह्यांना दारातच थांबवलं. म्हणे, “वसी, तू मला इतकी वर्षं फसवलंस. उद्या कुणाचा डोळा गेला असता तर?” हे म्हणाले, “एकदा तरी धोटा उडाला का सेठ माझ्या मागावरून?” सेठ म्हणाला, “उडायची वाट बघू?” संपलं. मेल्याच्या कारखान्यातच ह्यांचे कान गेले, आणि फसवलं म्हणे ह्यांनी! असल्या न्यायाला काय म्हणायचं, अल्लाच जाणे.

तिथेच थांबलं असतं तर आम्ही रडून-भेकून सोसलं असतं. पण सेठच्या डोक्यात किडा शिरला की एक निघाला, अजून किती असतील? त्याने लाईट बंद करायला लावली. सगळे माग थांबले. विणकरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि त्यांच्या मागे लोखंडी पाना फरशीवर आदळला. ज्यांना ऐकू आलं ते दचकले. चार जण भिंतीकडेच बघत उभे राहिले. चौघांचेही माग गेले, आणि त्यातला पहिला मकबूल.

मला कळलं तेव्हा आधी, खरं सांगते, बरं वाटलं. हस म्हटलं आता! आणि लगेच लक्षात आलं. म्हणजे तोही लपवत होता. पंधरा वर्षं दोघं शेजारी उभे राहून एकमेकांशी ओठांनी बोलत होते, दोघंही बहिरे, आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. ईदला तो एवढा मोठ्याने का हसला, तेही तेव्हा कळलं. हसला नसता तर लोकांनी त्याच्याकडे बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्किस आली. मकबूलची बायको. घरात चार लेकरं, धाकटं अजून अंगावर पितं. आत आलीच नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. रडता रडता तोंडावर दुपट्टा धरलेला आणि त्यातूनच बोलत होती.

“मेहमूदा आपा, तुमच्या माणसाला सिनेमाचं मत द्यायची हौस, आणि माझ्या पोरांच्या तोंडचा घास गेला! कोण विचारत होतं त्याला? गप्प बसता येत नव्हतं? माझा माणूस गप्प बसला होता ना? कुणाला कळलं होतं? चार घरं खाल्ली तुमच्या माणसाने, चार घरं!”

“बिल्किस, आत ये. पाणी पी,” मी म्हटलं.

“पाणी नको तुमच्या घरचं. त्याची जीभ झडो!”

हे आतल्या खाटेवर बसले होते. काम सुटल्यापासून तिथेच. दारात कुणी आलंय एवढं दिसलं. मला विचारलं, “काय म्हणते?”

काय सांगणार होते मी? आधीच त्या माणसाचं सगळं गेलं होतं. माग गेला, बाकडं गेलं. त्यात आणखी चार घरांचे तळतळाट कुठे ठेवायचे? मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि नीट ओठ हलवून म्हटलं, “काही नाही. मकबूलने पाठवलंय. विचारतोय, ह्या शुक्रवारी कुठला सिनेमा बघावा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बिल्किसकडे. दुपट्ट्यावर तिचे दोन डोळे तेवढे दिसत होते. सिनेमा बघताना बघायचे तसं पुढे वाकून, पापणी न लववता बघितलं.

“खोटं,” मला म्हणाले. “तू कधी चांगली नटी होणार नाहीस. ही बाई मनापासून शिव्या देतेय.”

उठले. मी हात धरला तो सोडवून घेतला. दारात गेले आणि उंबऱ्यावर तिच्या समोर खाली बसले. ती घाबरून एक पाऊल मागे सरली.

“बिल्किस,” ते म्हणाले, “तोंडावरचा दुपट्टा काढ, बेटी. तू काय म्हणतेस ते मला कळू दे.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग दुपट्टा काढला, डोळे पुसले, आणि पहिल्यापासून परत सुरू केलं.