शालनचे खोकणारे फोन

बिघडलेला मोबाइल हातात घेतला की शालन तो आधी कानाशी नेत असे. आत ऐकण्यासारखे काही नसते, हे तिलाही ठाऊक होते. "गिरायकाक बरें दिसता," ती म्हणे. मग चार्जर लावून पडद्यावरच्या बॅटरीच्या खुणेकडे पाहत राही. खूण भरता भरता थांबली, पुन्हा भरू लागली, पुन्हा थांबली, की निदान ठरलेले: "मरूंक ना तो. खोकता."

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातले तिचे दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि गिऱ्हाइकांसाठी बाक. ती आधी दुसरा चार्जर लावून पाही. मग बॅटरी काढून काचेवर भिंगरीसारखी फिरवी. गरगरली तर फुगलेली. बॅटरी ठीक निघाली, तर उरे ते चार्जिंगचे भोक. त्याला ती तोंड म्हणे. खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरचे फोन बहुधा तिथेच अडलेले असत. तोंडात तांबडी धूळ घट्ट बसलेली असे. थिनरमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशाने ती हलकेच काढी. कोणी फुंकर मारू लागला तर खेकसे, "फुंकचें न्हय! थुंकी भितर वता."

तिचे घर त्याच वाटेवर होते. आई खोकत असे. एका ग्रामसभेत म्हातारी उठली आणि म्हणाली, ट्रक ताडपत्रीशिवाय जातात, धूळ ताटातल्या भातावर पडते. ट्रकमालक विनायक पुढच्या रांगेतून म्हणाला, "म्हातारे, विडी सोड. खोंकली बंद जातली."

सभा हसली. म्हातारी खाली बसली. तिने जन्मात विडी ओढली नव्हती. बातमीसाठी मी तिथे होतो. शालन हसणाऱ्यांकडे पाहत नव्हती, विनायककडे पाहत होती. त्यानंतर आई देवळातही जाईनाशी झाली. लोक हसतात, म्हणे.

शालन भांडली नाही. मला एवढेच म्हणाली, "तो येतलो. ताचोय फोन हीच धूळ खाता. आनी आवयच्या पांयांकडे येवन उतर फाटीं घेतलो, तेन्नाच म्हाका न्हीद पडटली." आईच्या पायांशी येऊन त्याने शब्द मागे घेतल्याशिवाय तिला झोप नव्हती.

तो आला. बाक भरलेला होता. शालनने चार्जर बदलला, बॅटरी काचेवर फिरवली. ती गरगरली नाही. तिने फोन पुन्हा लावला आणि खूण थांबल्यावर तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"विनायकबाब, हो फोन खोकता. विडी ओढता काय?"

बाकावर हशा पिकला. विनायकही हसला. "फोन खंय विडी ओढतलो?"

"म्हजी आवयूय ओढिना."

हशा थांबला. शालनने तोंडातली धूळ पांढऱ्या कागदावर उतरवली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"वाटेवयली धूळ ती," तो म्हणाला.

"वाटेर कोणाचे ट्रक? घरा येयात. आवयक सांगात."

तो गेला नाही. फोन मात्र तिने चोख करून दिला. का, असे विचारले तेव्हा म्हणाली, "खराब केलो जाल्यार दुसऱ्याकडे वतलो. बरो केला, म्हणून परत म्हजेकडेच येतलो."

तो परत परत येत राहिला. दर खेपेला बाकासमोर तोच प्रश्न. पुढे तो ड्रायव्हरला पाठवू लागला. शालनने ड्रायव्हरकडून फोन घेतला नाही. "जाचो फोन, ताणें येवचें."

आई वारली तेव्हा विनायक घरी आला. आमच्याकडे मयताच्या घरी आलेल्याला कोणी अडवत नाही. शालनने त्याला अंगणातच अडवले. "थंयच रावात."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलें म्हजें. तिणें विडी केन्नाच ओढली ना."

"व्हडल्यान सांगात."

त्याने तेच मोठ्याने सांगितले. ओसरीवरच्या बायकांनीही ते ऐकले.

"आतां वचात," शालन म्हणाली. "ऐकपी आवय गेली."

तो गेला. बाराव्यानंतर मी तिला विचारले, मन शांत झाले का.

"ना," ती म्हणाली. "आनी शांत जांव नये."