हँडब्रेक ताणून द्या

नाव : उत्तरेश्वर. आडनाव दुकानाच्या पाटीवर मावले नाही, सबब उपलब्ध नाही. व्यवसाय : मोटारदुरुस्ती. मूळ तालुका : कळंब. निवास : हडपसर, भाड्याने. कार्यस्थळ : कोथरूड, दोन सोसायट्यांमधला बोळ. शिक्षण : नववी, अपूर्ण. तांत्रिक पात्रता : कागदोपत्री आढळून येत नाही.

एका मंगळवारी सकाळी त्याच्याकडे गाडी घेऊन दीनानाथ आले. निवृत्त मुख्याध्यापक.

"हँडब्रेक ताणून द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"उघडून बघावं लागंल, सर."

"मी ताणा म्हणालो, शस्त्रक्रिया करा नाही म्हणालो. गेल्याच महिन्यात वर्कशॉपनं तपासलाय." त्यांनी छापील कागद दाखवला. पार्किंग ब्रेकपुढे 'समाधानकारक' लिहिले होते.

उत्तरेश्वर गाडीत बसला आणि त्याने हँडब्रेकचा लिव्हर ओढला. बारा वेळा कट्‌कट्‌ झाले, आणि गाडी बोळाच्या उतारावरून सावकाश मागे निघाली. त्याने पायाने ब्रेक दाबला.

"समाधान कुणाचं झालं म्हणायचं?"

दीनानाथांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "हिला आज चारला घरी आणायचंय."

ही म्हणजे त्यांची पत्नी, उल्काताई. अर्ध्या अंगावरून वारे गेलेले. तीन आठवडे दवाखान्यात. सोसायटीची लिफ्ट रॅम्पच्या मध्यावर उघडते. दीनानाथांनी उतरून, वळसा घालून त्यांना बाहेर काढायचे. तेवढा वेळ ब्रेकवर कुणाचाच पाय नाही.

"मागे वीट लावीन मी."

"ताईंना धरल्यावर विटेकडं कोण बघणार हाय?"

कोथरूडला सगळेच 'ताणा' म्हणतात. केबल ताणली की ब्रेक आठवडाभर लागतो, आणि आत झिजलेले झिजलेलेच राहते. सहा वर्षांपूर्वी उत्तरेश्वरनेही एकाची अशीच नुसती ताणून दिली होती. ती गाडी रॅम्पवरून सुटली आणि रखवालदाराचा पाय मोडला. रखवालदार अजून लंगडत कामावर जातो. त्याच्या फाटकासमोरून उत्तरेश्वर जात नाही.

त्याने मागची चाके काढली, ब्रेकचे ड्रम उघडले. डाव्या चाकातला सिलिंडर गळत होता. चाक घासून धरणारे लायनर त्या तेलाने भिजून काळे पडले होते. केबलच्या निम्म्या तारा तुटलेल्या. दोन्ही बाजूंचे लायनर, सिलिंडर आणि केबल नवी घातली, ब्रेकमधली हवा काढली. आता लिव्हर पाचव्या कट्‌ला घट्ट थांबला. तीन वाजले होते.

"ठीक. गॅरंटी लिहून द्या," दीनानाथ म्हणाले.

"लिहून काय व्हतंय, सर? मी मागं उभा राहतो."

"कशाच्या मागे?"

"गाडीच्या."

दीनानाथांनी गॅरंटीसाठी काढलेले पेन परत खिशाला लावले.

चार वाजता गाडी सोसायटीच्या रॅम्पवर, लिफ्टसमोर थांबली. दीनानाथांनी लिव्हर ओढला आणि दार उघडून उतरले. उत्तरेश्वर मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर, हात मागे बांधून उभा होता.

उल्काताईंना उतरायला अकरा मिनिटे लागली.