अक्काकडं ठेवलेली डिस्क

बसवकल्याणच्या त्या फोटोस्टुडिओवाल्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं की डोकं उठतं. त्याच्या कॉम्प्युटरात मी दोन हार्ड डिस्क जोडून दिल्या. एकीवर उतरेल तेच दुसरीवर. एक गेली तरी त्यानं टिपलेली सगळी लग्नं शाबूत. त्यानं कलिंगड पारखावं तशी दोन्हींना टिचकी मारली, कानाला लावली. मी ओरडलो, "जोडी फोडू नका!"

"व्हय अण्णा."

दसरा झाला आणि फोन आला, डिस्क बंद पडली. जाऊन बघतो तर दुसरीची जागा रिकामी!

"ती कामून काढली?"

"बियाणं कुणी एकाच घरात ठेवतंय का? आम्ही अर्धं अक्काकडं ठेवतो."

चडफडत त्याच्यासोबत अक्काच्या गावी, कोहिनूरला गेलो. अक्कानं डिस्क देव्हाऱ्यात ठेवली होती, हळदीकुंकू लावून. खंडेनवमीच्या पूजेआधी विळी-कोयत्याबरोबर तीही पाण्यानं घासूनपुसून लख्ख केलेली!

मी कपाळ बडवलं. त्यानं डिस्क उचलली, टिचकी मारली, कानाला लावली.

"आमचे वारलेले अप्पा ह्यात नाचायलेत, अण्णा. माझ्या लग्नात. दुसरीकडं कुठंच न्हाईत. आवाज यायलाय का बघा."

त्यानं ती माझ्या कानाला लावली. एवढा संतापलेला मी, तरी ऐकत राहिलो.