रेडकाच्या फासळ्या आणि शेटे बाईंचा रतीब

डेअरीवर किटल्या रांगेत लावून माणसं उभी राहिली की तोंडं मोकळीच असतात. रोज एक नवी गोष्ट निघते. जुनी विसरत आलो म्हणावं, तर कुणीतरी ती पुन्हा तापवतो आणि तिच्यावर आणखी एक साय धरते. मी घरी आल्यावर दोन ओळी लिहून ठेवतो, म्हणून मला सगळ्या आठवतात. अडचण एवढीच की घाटनांदूरमधली दुधाची कुठलीही गोष्ट काढा, ती शेवटी भागवतपाशी जाऊन थांबते!

भागवत माझा शेजारी. दोघांच्या गोठ्यांमध्ये फक्त काट्यांचं कुंपण. दोघांनी म्हशी एकाच बाजारातून आणल्या. वैरण एकच, पाणी एकच. तरी त्याच्या म्हशीची कातडी चकाकते आणि माझी म्हैस कायम झोपेतून उठल्यासारखी दिसते. रोज सकाळी मी कुंपणावरून विचारायचो, "काय चारतो बे तिला?"

तो म्हणायचा, "काय न्हाई दादा. तुमीच चारता तेच!"

याचाच तर राग यायचा.

*

शेटे बाईंनी आम्हा सगळ्यांना शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर काही दिवस लेकीकडे राहून त्या गावात परत आल्या आणि त्यांनी एक नवीनच नियम काढला. दूध घ्यायच्या आधी त्या गोठ्यावर यायच्या. म्हशीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. थेट रेडकाजवळ जाऊन त्याच्या कुशीवरून हात फिरवायच्या.

"फासळ्या मोजता आल्या तर मी दूध घेणार नाही. लेकराच्या तोंडचं काढून मला चहा नको."

बाईंचा रतीब म्हणजे नुसत्या बाईंचा नाही. बाई ज्याचं दूध घेतात, त्याचंच सगळी गल्ली घेते. ती गल्ली वडिलांपासून माझ्याकडे होती. बाईंनी माझ्या रेडकावरून हात फिरवला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "विठ्ठल, पाढे पाठ नव्हते तुझे. पण इथं तर मोजायला काहीच अवघड नाही रे!"

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत भागवतची सायकल फिरत होती. घंटी वाजवायची काही गरज होती का? पण तो वाजवायचा!

*

गल्ली मिळवायला डेअरीच्या रांगेतला नारायणही टपला होता. त्याचं रेडकू माझ्या रेडकापेक्षा वाळलेलं. त्यानं डोकं चालवलं. मेव्हण्याचं गुबगुबीत रेडकू टेम्पोतून आणलं, धुतलं, कपाळाला कुंकू लावलं आणि आपल्या म्हशीशेजारी बांधून बाईंना बोलावलं.

बाईंनी हात फिरवला. खूश झाल्या. "वा नारायण! सोड बरं याला, पिताना बघू दे."

नारायणनं सोडलं. रेडकू बिचारं भुकेलं, सरळ कासेला गेलं. म्हशीनं मान वळवून त्याचा वास घेतला आणि अशी लाथ हाणली की रेडकू एकीकडं अन् नारायणची बादली दुसरीकडं!

बाई शांतपणे म्हणाल्या, "नारायण, सगळं जमवलंस. फक्त आईला विचारायचं राहिलं."

*

शेषराव या भानगडीत नव्हता. तो आपला डेअरीवर छातीला हात लावून सांगायचा, "आपण पान्ह्याचं इंजेक्शन कदी हातात धरलं न्हाई. देवाशपथ न्हाई!"

एकदा लाळ-खुरकुताच्या लसी टोचायला डॉक्टर आले. आम्ही चारपाच जण मदतीला होतो. डॉक्टरांनी पेटी उघडून सिरिंज वर धरली. शेषरावच्या म्हशीनं ती बघितली, पाय फाकवले, डोळे मिटले आणि चारी सडांतून टप टप दूध गळायला लागलं!

डॉक्टरांनी म्हशीकडे बघितलं. मग शेषरावकडे बघितलं.

नारायण मागून म्हणाला, "साहेब, लई माया हाय तिची सुईवर!"

*

दुधात पाणी घालतो असं मात्र मला कुणी म्हणू नये. उन्हाळ्यात गल्लीतल्या एका वहिनींनी भागवतच्या आणि माझ्या दुधाची तुलना करून विचारलंच, "भावजी, तुमचं जरा पातळ लागतंय वो?"

मी म्हणालो, "वहिनी, टँकरचं पाणी हाय सध्या. इतकं महागाचं पाणी कोण दुधात घालीन?"

त्या हसल्या. रतीब मात्र भागवतकडेच राहिला.

*

भागवतची म्हैस पुन्हा व्याली. चीक तो विकत नाही. आधी रेडकाला पोटभर, मग उरला तर शेजारीपाजारी. त्याची बायको मंगल कुंपणावरून खरवसाची वाटी देऊन गेली. आमच्या घरात दिवसभर त्याच खरवसाचं कौतुक. "बघा तरी, कसा जाळीदार झालाय!"

मी म्हणालो, "गूळ जास्त पडलाय."

बायको म्हणाली, "मग दुसरी वाटी कावून मागितली?"

*

भागवतचं ते रेडकू नर निघालं. आम्हाला वाटलं, आता बघू! नर रेडकाचं काय होतं ते कुणी बोलत नाही. त्याला कुणी मारत नाही. फक्त त्याला कासेला सोडायची वेळ रोज थोडी थोडी उशिरा येते.

त्या दिवसांत बाईंची नात पुण्याहून आली होती. ती दूधच पीत नाही. डेअरीवर येऊन तिनं शेंगदाण्याचं दूध कसं करतात ते सांगितलं. शेषरावनं काळजीनं विचारलं, "पर पोरी, त्याला पान्हा कसा सोडवायचा?"

सगळे खो खो हसले. तीही हसली. मग म्हणाली, "काका, तुमच्याकडे म्हशी एवढ्या दिसतात. रेडे का दिसत नाहीत?"

शेषराव किटलीचं झाकण लावत बसला. ते आधीच लागलेलं होतं.

नेमका त्याच वेळी भागवत त्या रेडकाला दोरीनं धरून पाणी पाजायला निघाला होता. पोरीनं त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. रेडकासोबत! माझ्यासोबत आजवर कुणी फोटो काढला नाही.

*

माझ्या म्हशीचं या खेपेचं रेडकूही नरच होतं. मी ठरवलं, भागवतला जमतं तर मला का नाही? दोन सड रेडकाला, दोन मला. बायको म्हणाली, "खरंच का?" मी म्हणालो, "गल्ली परत आणायचीय." डेअरीवर माझी किटली हलकी झाली. नारायण रोज ती हलवून विचारायचा, "काय दादा, आज चहापुरतंच का?" संध्याकाळी रेडकाच्या कुशीवरून हात फिरवायचो. बोटांना हळूहळू फासळ्या लागेनाशा झाल्या.

मग एका सकाळी मी बाईंना आणायला गेलो. धार त्यांच्यासमोरच काढायची, म्हणून म्हशीला हात लावला नव्हता. जाताना रेडकाला तेवढं सोडलं. बाईंनी त्याला पिताना बघावं, एवढाच हेतू.

बाई आल्या. बायकोनं चहा आणला. वर जाडसर साय तरंगत होती. मला राहवलं नाही.

"बाई, ही साय बघा. भागवतकडं धरती का अशी?"

बाईंनी घोट घेतला. "खरंच छान आहे रे विठ्ठल."

तेवढ्यात कुंपणावरून मंगलचा आवाज आला, "ताई, आमचा दुधाचा तांब्या रिकामा झाला का वो?"

आणि आमच्या सौभाग्यवती आतून ओरडल्या, "आलेच गं! बाईंच्या चहापुरतंच घेतलंय बघ. आमचं समदं रेडकानं पिलं!"

मी गोठ्याकडे बघितलं. म्हशीची कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. रेडकू पाय पसरून पडलं होतं. तोंडाला फेस, पोट ढोलकीसारखं.

बाईंनी कप खाली ठेवला. उठून रेडकाजवळ गेल्या. कुशीवरून हात फिरवला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. बराच वेळ.

"उद्यापासून एक लिटर तुझ्याकडून," त्या म्हणाल्या. "याचं भागून उरलं तर."

बाई गेल्या. कुंपणापलीकडे भागवत उभा होता. माझ्या रेडकाकडे बघत.

"दादा," तो म्हणाला, "काय चारता वो याला?"

माझा कप तसाच राहिला होता, तो उचलला. चहा गार झाला होता. तरी चांगलाच लागला, मेला!