पोचल्याशिवाय खरं नाही

आमचे साडू बुधवारी सकाळी वारले. अक्कांचा फोन आला. मी विचारलं, "नक्की का?"

अक्का म्हणाल्या, "भावजी, तुमालाबी त्येंची लागण झाली व्हय? आपल्या डॉक्टरनं बघितलं, मग मोठ्या दवाखान्यातल्यानं बघितलं. आता आणि कुणाला दाखवू?"

साडू ऐकत असते, तर एवढ्याने त्यांचं समाधान झालं नसतं. दुसऱ्या डॉक्टरने स्वतः तपासलं की पहिल्याचा कागद बघून मान हलवली, हे त्यांनी आधी विचारलं असतं. ह्या भूतलावर त्यांच्याइतका संशयी माणूस झाला नाही, हे मी वाचलेल्या पुस्तकांच्या भरवशावर सांगतो, आणि सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्यामुळे ती पुस्तकं थोडीथोडकी नाहीत.

अक्का म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. साडू फौजेत सिग्नलला होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि शिरवळला हायवेपासून आत घर बांधून राहिले. वायरलेसवर निरोप देण्यात उमर गेली, त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरली होती. मी कॉलेजात होतो, म्हणून मला ते मास्तर म्हणत. "मास्तर, पाठवलं म्हणजे पोचलं न्हवं. पलीकडचा 'मिळालं' म्हणाला, की पोचलं." हे तत्त्व सीमेवर ठीक असेल, पण साडूंनी ते दूधवाल्याला लावलं. पैसे दिल्यावर त्याने 'मिळाले' असं स्पष्ट म्हटल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर जाता येत नसे. मोबाइलवर लग्नाची पत्रिका आली की लग्न खरोखर आहे का हे विचारायला ते आधी मुलीकडे आणि मग, दोघांचं जुळतंय का बघायला, मुलाकडे फोन करत. मेसेजखालच्या दोन निळ्या रेघांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बघितलं म्हणजे समजलं असं कुठं हाय? आमची ही रोज माझ्याकडं बघती." शिरवळहून मी सांगलीच्या गाडीत बसलो की घरी उतरल्यावर 'पोचलो' असा फोन करणं सक्तीचं होतं. एकदा वाटेत माझा फोन बंद पडला. मी सांगलीत विश्रामबागेतल्या घरी पोचायच्या आत साडूंनी कऱ्हाडच्या आणि इस्लामपूरच्या स्टँडवर चौकशी केलेली होती, आणि आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, ज्याचा नंबर त्यांनी कधी मिळवला देव जाणे, टेबल सोडून रस्त्यात उभा होता. मला बघताच तो फोनमध्ये ओरडला, "आलं, आलं! हातात पिशवी हाय. व्हय, चालत्यात नीट."

असा माणूस निवृत्तीनंतर क्रिप्टोच्या नादाला लागावा, ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. साडू जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करत. परदेशातले हौशी लोक ते विकत घेत आणि पैसे डॉलरच्या भावाला बांधलेल्या डिजिटल नाण्यांत पाठवत. ह्या नाण्यांच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद इंटरनेटवर उघडी असते आणि ती कोणालाही बघता येते, हे कळलं तेव्हा साडूंना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. सगळ्या जगाने एकमेकांवर संशय घेऊन उभारलेला असा कारभार त्यांना आधी कोणी दाखवलाच नव्हता. ते शिरवळच्या सलूनमध्ये बसून, अर्धी दाढी झालेल्या असहाय माणसांना त्याचे नियम सांगत. पैसे पाठवल्याचा फोटो समोरच्याने दाखवला तर तो बघायचाच नाही. आपलं खातं आपण उघडायचं, उघड्या नोंदीत आपल्या खात्यावर जमा झालंय का ते बघायचं, आणि नेटवर्कने व्यवहार पक्का केल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही. "आणि नाव बघू नगा, नाणं बघा," हे ते बोट वर करून सांगत. कारण खऱ्या नाण्याचं नाव घेऊन कोणीही खोटं नाणं काढू शकतो. खऱ्याचा नोंदीतला लांबलचक क्रमांक तेवढा वेगळा असतो, तो ताडून बघावा लागतो. अक्का हे भाकऱ्या थापताना इतक्यांदा ऐकत, की एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "बापानं मला नवरा म्हणून पोलीस ठाणं दिलंय."

एकदा एक इसम चांगल्या मोटारीतून रेडिओ घ्यायला आला. त्याने फोन पुढे केला. "काका, हे बघा, पाठवलेत. नेटवर्क स्लो आहे, येतील."

साडूंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "जत्रंत ताजमहालाच्या पडद्यापुढं आमच्या आज्ज्यानंबी फोटो काढला व्हता. आग्रा ऱ्हाऊ द्या, त्यानं जन्मात खंबाटकीचा घाट वलांडला नव्हता. बसा. जेवा. पोचलं की रेडिओ घेऊन जावा."

तो बसला. पिठलं-भाकरी जेवला, पुन्हा मागून घेतली. पैसे काही पोचेनात. शेवटी हात धुवायला म्हणून तो परसात गेला आणि मागच्या भिंतीवरून उडी मारून, वळसा घालून मोटारीसकट गेला तो गेलाच. बूट मात्र रीतीप्रमाणे पुढच्या दारात काढलेले होते. साडूंनी ते खिळ्याला लावून बैठकीत टांगले, आपल्या मेडलांच्या शेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बूट दाखवले जात आणि मेडलं मात्र आपली आपण बघावी लागत.

त्या बैठकीतल्या फळीवर एक रेडिओ होता, तो तेवढा विकायचा नाही असं अक्कांनी बजावलं होतं. साडू सीमेवर असताना पत्र महिना-महिना येत नसे. अक्का रोज त्या रेडिओवर बातम्या ऐकत. बातम्यांत काही नसलं की माणूस सुखरूप आहे, असा त्यांचा हिशेब. साडूंकडून अक्कांना जी काही पोच मिळत होती, ती तेवढीच. घर भरून रेडिओ आले-गेले, पण फळीवरच्याला कोणी हात लावला नाही.

गेल्या वर्षी अक्का आमच्याकडे सांगलीला चार दिवस राहायला आल्या, आणि इकडे साडूंना फोन आला. "जय हिंद, साब." फोनवरचा माणूस म्हणाला, मी सिग्नलचाच जवान आहे, माझे वडीलही सिग्नलला होते, आता अंथरुणावर आहेत, त्यांच्या तरुणपणी घरी असाच रेडिओ होता, डोळे मिटायच्या आधी एकदा त्याचा आवाज ऐकायचाय. दुसऱ्या दिवशी तो दारात हजर झाला. बारीक केस, ताठ मान. आल्या आल्या त्याने सॅल्यूट मारला आणि आमच्या साडूंच्या साऱ्या संशयाने जागीच सावधान होऊन त्याला सलामी दिली. त्याला हवा होता तो नेमका फळीवरचा. साडूंच्या खात्यात आकडा दिसला, नाव बरोबर दिसलं. नाणं त्यांनी तपासलं नाही. वर त्याला रेडिओ गाडीपर्यंत स्वतः नेऊन दिला, जपून चालवा म्हणाले.

अक्का परत गेल्या. पुढचं मला माझ्या बायकोने सांगितलं, तिला अक्कांनी.

"रेडू कुठं हाय?"

"दिला."

"कुणाला?"

"आपल्यातल्या माणसाला. फौजी हाय. पैसं आल्यात, ह्ये बघ."

अक्कांनी फोनकडे बघितलं नाही. रिकाम्या फळीकडे बघत म्हणाल्या, "नाव बघितलं का नाणं बघितलं?"

साडूंनी तेव्हा बघितलं. नाणं खोटं होतं. बाजारात त्याची चहाच्या कपाइतकीही किंमत नव्हती.

दूधवाल्याला वीस रुपयांसाठी फाटकात अडवणारा, माझ्या मुलीच्या लग्नात हॉलची पावती उन्हाकडे धरून बघणारा हा माणूस एका सॅल्यूटवर बायकोचा रेडिओ देऊन बसला, ह्याचा मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. शिरवळला गेलो तो दोन-चार टोमणे घडी करून घेऊनच गेलो होतो. पण बैठकीत पाय ठेवला तर खिळ्यावरचे बूट काढलेले. साडू जमिनीवर बसून जुन्या सांगाड्यात तारा जोडत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"मास्तर, सॅल्यूट लय कडक मारला हो त्यानं."

"तक्रार दिली का?"

"दिली. 'एक इसम' असं लिवलं. फौजी म्हणत व्हता, हे लिवलं न्हाई. उगं फौजंचं नाव कशाला?" मग सोल्डरिंगचा धूर हाताने बाजूला करत म्हणाले, "नाण्याची नोंद उघडी असती. सॅल्यूट खरा का खोटा, ते कुठं बघायचं?"

मी टोमणे तसेच परत आणले.

त्यानंतर रेडिओ विकणं थांबलं. सलूनमधली भाषणंही थांबली आणि शिरवळच्या दाढ्या वेळेवर होऊ लागल्या. साडू अक्कांसाठी तसाच रेडिओ बनवण्याच्या मागे लागले. ह्याचा सांगाडा, त्याचे व्हॉल्व्ह, तिसऱ्याचा कर्णा. तो कधी नुसता गुरगुरायचा, कधी एकदम गप्प व्हायचा. अक्का येता-जाता विचारत, "बोलतोय का?" साडू म्हणत, "बोलंल." त्या दोघांमध्ये ह्या विषयावर एवढंच बोलणं होत असे. चुकीबद्दल साडू काही बोलल्याचं अक्कांनी कधी सांगितलं नाही. रेडिओ बोलू लागला तेव्हा त्यांनी तो उचलून फळीवर ठेवला आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले. पुढच्याच महिन्यात ते गेले.

तेराव्यानंतर मी सांगलीला परतलो. विश्रामबागेत उतरलो, घरी आलो आणि सवयीने फोन लावला. नंबर साडूंचाच लागला. उचलला अक्कांनी.

"पोचला व्हय?"

"पोचलो."

"बरं." त्यांच्यामागे खरखर ऐकू येत होती आणि खरखरीतून कोणीतरी शेतीबद्दल बोलत होतं. "तुमच्या गावचं स्टेशन लागलंय, भावजी. दुसरं काय लागतच न्हाई ह्यावर."

भिंतीवरून पळालेल्याचे बूट मी आणले आहेत, आमच्या माळ्यावर आहेत. साडूंचा फोन अक्का वापरतात. रेडिओ फळीवर आहे. त्यावर फक्त सांगली लागतं, आणि अक्का तो रोज सकाळी लावतात.