झोपेची वही

माझा थोरला भाऊ दिवसा झोपायचा, आणि एखाद्याला ऐतखाऊ ठरवायला आमच्या टाकवे गावात तेवढं पुरतं. आधी त्याची झोप उलटी झाली, मग तो कामाला जायचा त्या कारखान्यातलं मशीन त्याच्याशी बोलायला लागलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द आम्ही लोणावळ्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टर भले होते. म्हणाले, "हा आळस नाही. प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ असतं, ते चालवणारे जीन आईबापांकडून येतात. या आजारात बऱ्याच जणांचं ते घड्याळ बिघडलेलं दिसतं. त्यानं आजार होतो की आजारानं ते बिघडतं, हे अजून नक्की ठाऊक नाही." मग झोपेची वही ठेवायला सांगितली. कधी झोपला, कधी उठला, रोज लिहायचं. गोळ्या त्यावरून ठरणार होत्या, आणि तीन शिफ्टचं काम झेपेल का, तेही.

वडिलांनी एवढंच ऐकलं, की हे रक्तातून येतं. माझं स्थळ जमत आलं होतं. घरी येताच म्हणाले, "वहीत धा ते सा लिव. उद्या ती कुनाच्या हाती लागली तर तुला कोन करून घेईल?"

माझं अक्षर चांगलं. भाऊ भर दुपारी समोर घोरत असायचा आणि मी लिहायचे, दहाला झोपला, सहाला उठला. रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून पेनंही बदलायचे. शाळेत कधी एवढं मन लावून लिहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टर वही बघून खूश झाले. तरी त्यांनी भावाला विचारलं, "रात्री झोप येते ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं.

"तिनं लिवलंय तसंच," तो म्हणाला.

कामाला परवानगी मिळाली. रात्रपाळीच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन पुन्हा बोलू लागलं, नोकरी गेली. डॉक्टर बुचकळ्यात पडले. वही खोटी होती हे ना वडिलांनी सांगितलं, ना मी. माझी मला आजही किळस येते.

माझं लग्न ठरलं. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी त्याला शिरगावला मावशीकडे धाडलं. पिशवी त्यानंच भरली. निघताना मला म्हणाला, "मावशीनं इचारलं तर मी रातचा चांगला झोपतो म्हनून सांगंन."

मी मान डोलावली.