शुक्रवारी न पडणारा पाऊस

“धावड्याचा हा पाऊस काय प्रकार आहे?”

संचालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मे महिना होता. खोलीतला कूलर नुसताच खडखडत होता आणि खिडकीबाहेर जालन्याचे आकाश तापलेल्या तव्यासारखे दिसत होते. कागदावर तीन गावांचे आकडे होते. वाटूर, शून्य. तीर्थपुरी, शून्य. धावडा, आठ मिलिमीटर. तेही एखाद्या दिवशी नव्हे. गेला महिनाभर जवळजवळ रोज, दुपारी अडीचच्या सुमारास.

“डोंगराचा परिणाम असावा, सर.”

“असावा, की आहे?”

“आहे, सर.”

आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत. पण इतक्या कमी शब्दांत इतकी मोठी चूक पुन्हा साधली नाही.

आमची संस्था फिनलंडमधल्या एका विद्यापीठाबरोबर संशोधन करत होती. विषयाचे नाव भारदस्त होते : डिजिटल तंत्रज्ञान आणि शाश्वत विकास. काम मात्र सोपे होते. तीन गावांत पाऊस मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसवायची, त्यांचे आकडे संगणकावर जमवायचे आणि येत्या हंगामापासून मोसंबीवाल्यांना सांगायचे की आज बागेला पाणी द्या किंवा देऊ नका. विहिरीतला थेंबन् थेंब पुरवून वापरायचा, हा त्यामागचा हेतू.

यंत्राची रचनाही साधी. वर एक नरसाळे. त्याखाली दोन कप्प्यांची एक चिमुकली वाटी. एका कप्प्यात ठरावीक पाणी साचले की वाटी कलंडते आणि दुसरा कप्पा पुढे येतो. प्रत्येक कलंडणे यंत्र मोजून ठेवते. रात्री टेलिफोनच्या तारेवरून ते सगळे आकडे आमच्या जालन्याच्या संगणकावर येऊन पडत. सकाळी चहा येण्याआधी तिन्ही गावांचा पाऊस माझ्या टेबलावर असे.

माझे पतन याच सोयीतून झाले. मी या प्रकल्पाचा समन्वयक होतो. दर आठवड्याला प्रत्येक केंद्रावर जाऊन यंत्र डोळ्यांनी पाहावे आणि तसा अहवाल पाठवावा, असा नियम होता. वाटूर हमरस्त्यावर होते. तीर्थपुरीला माझी मावसबहीण होती आणि तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी होती. या दोन्ही ठिकाणी मी नेमाने जात असे. धावडा मात्र भोकरदनच्याही पुढे, पार अजिंठ्याच्या डोंगराकडे. आकडे तर फोनवरून येतातच, असे मी स्वतःला समजावले आणि मार्चनंतर धावड्याचा अहवाल जालन्यात बसूनच लिहू लागलो. “प्रत्यक्ष पाहणी केली. केंद्र सुस्थितीत.” अक्षर माझे पहिल्यापासून चांगले आहे.

म्हणूनच, रोजच्या या पावसाबद्दल विचारणा झाली तेव्हा धावड्याला एक फोन करून खुलासा मागवणेही मला जड गेले. फोन केला असता तर मी तिथे जात नाही, हे मलाच ऐकावे लागले असते. त्यापेक्षा मी इंग्रजीत दोन पानी टिपण लिहिले. डोंगराची कडा, तापलेली हवा, वर चढणारे बाष्प, स्थानिक ढग. टिपण इतके चांगले उतरले की संध्याकाळपर्यंत माझाही त्यावर विश्वास बसला.

फिनलंडच्या विद्यापीठातल्या डॉ. आनेली यांना ते फारच आवडले. साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांचे उत्तर आले : शोधनिबंधात धावड्याच्या ढगावर स्वतंत्र प्रकरण घालू, सहलेखक म्हणून तुमचे नाव देऊ, आणि मी स्वतः तो ढग पाहायला येत आहे.

त्या आल्या. एका गुरुवारी सकाळी आम्ही जीपने धावड्याला निघालो. भोकरदन मागे पडले. वर ढगाची एक चिंधीही नव्हती. आनेलीबाई मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बघत होत्या.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “तुमचा ढग शुक्रवारी सुट्टी घेतो का?”

“म्हणजे?”

“रोज पाऊस आहे. फक्त शुक्रवारी नाही. एकाही शुक्रवारी नाही.”

धावड्याचे यंत्र ग्रामपंचायतीच्या अंगणात होते. ते सांभाळत पंचायतीचे शिपाई रहीमभाई. शुक्रवारी दुपारी रहीमभाई नमाजाला जातात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. मलाही होते.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. रहीमभाई दारातच उभे होते. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी.

“सलाम साहेब! या, या. बाई, इथं सावलीत बसा. जल्दी पानी आनतो.”

बाईंनी मला विचारले, “हे या यंत्राचे रोज नेमके काय करतात?”

मी विचारले. रहीमभाईंचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

“साहेब, तुमी फोनवर बोलल्ते ना एप्रिलात, बाहेरदेशचे पाव्हने कवाबी येतील, यंत्र चकाचक ठेवा म्हनून? बिलकुल चकाचक हाय, बघा. हे पारवे लई घान करतेत वर. मंग रोज जेवन झालं की म्या एक गिलास पानी आत सोडतो. बराबर काठोकाठ, कमी न्हाई, जास्ती न्हाई. जुम्म्याला तेवढं ऱ्हातं. नमाज झाली की लेकीकडं जेवायला जातो.”

मी बाईंकडे वळलो. “हे म्हणतात, की ते यंत्राची फार काळजी घेतात.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “मराठीत एवढे लांब होते, आणि इंग्रजीत इतकेच झाले?”

रहीमभाईंनी मात्र हातच्या कंकणाला आरसा धरला. “दाखवूनच देतो की,” म्हणाले, आत गेले, स्टीलचा गिलास भरून आणला आणि हातही न हलू देता तो नरसाळ्यात रिता केला. बाईंनी आपला लॅपटॉप यंत्राला जोडला होता. पडद्यावर आकडा चढू लागला. एक, दोन, चार, सहा. आठ मिलिमीटरवर थांबला. घड्याळात अडीच वाजले होते.

आनेलीबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग रहीमभाईंकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, “हाच का तो तुमचा डोंगर?”

रहीमभाईही हसले. परदेशी बाई खूश झाली, एवढेच त्यांना कळले होते.

हसणे संपल्यावर बाईंनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. चुकीच्या आकड्यांचे कारण लिहायला त्यात दोन चौकटी होत्या. पहिली, गावातील लोकांचा हस्तक्षेप. तिथे खूण झाली तर यंत्र त्या गावातून उचलून दुसरीकडे न्यायचे. दुसरी, देखरेखीतील त्रुटी. तिथे खूण झाली तर समन्वयकाने लेखी खुलासा द्यायचा. समन्वयक मी.

रहीमभाईंना तो इंग्रजी फॉर्म वाचता येत नव्हता. माझा चेहरा वाचता येत होता.

“साहेब, काही चुकलं का माझं? यंत्र नेतेत का काय?”

बाईंची लेखणी पहिल्या चौकटीवर थांबली होती. “यांना विचारा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही इथे शेवटचे केव्हा आला होतात?”

स्वतःविषयीचा हा प्रश्न मीच मराठीत विचारला. रहीमभाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग बाईंकडे वळून, मान ताठ करून म्हणाले, “साहेब? साहेब तर येतच राह्यतेत. मागल्या आठवड्यात बी आल्ते. चहा पिऊन गेल्ते.”

माणूस पापभीरू होता. पाण्याचा थेंब इकडचा तिकडे न करणारा. माझी लाज राखायला तो माझ्यासाठी खोटे बोलला, वर चहाही पाजला. आणि ते खोटे इंग्रजीत नेऊन पोचवणे आता माझ्याकडे होते. फार सोपे होते. शब्दाला शब्द भाषांतर केले असते तरी पुरले असते.

“हे म्हणतात, मी मागच्या आठवड्यात आलो होतो,” मी म्हणालो. “मी आलो नव्हतो. मार्चनंतर मी इथे पाऊल टाकलेले नाही. अहवाल जालन्यात लिहिले, आणि तो डोंगरही तिथेच बसून उभा केला. यांनी माझा हुकूम पाळला. नरसाळ्यात पाणी घालू नका, हे यांना सांगायला मी यायला हवे होते.”

बाईंची लेखणी दुसऱ्या चौकटीकडे सरकली. मग त्यांनी रहीमभाईंचा गिलास मागून घेतला, तो पुन्हा काठोकाठ भरून पाणी मापून पाहिले आणि लॅपटॉपवर बराच वेळ काही तपासत बसल्या.

“गंमत पाहा,” शेवटी म्हणाल्या. “यांनी रोज एकाच मापाने पाणी घातले, आणि यंत्राने रोज तेवढेच मोजले. यंत्र खरे बोलते आहे की नाही, हे तपासायला आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या नळीने हेच करतो. तुमच्या तीन यंत्रांपैकी ज्याची अशी परीक्षा झाली आहे असे हे एकच.”

पुढे बाकीच्या दोन यंत्रांचीही गिलासाने परीक्षा झाली. वाटूरच्या नरसाळ्यात कोळ्याचे भरगच्च जाळे निघाले. तिथे तर मी नेमाने जात होतो.

सोमवारी मी लेखी खुलासा घेऊन संचालकांसमोर उभा राहिलो.

“चूक माझी आहे, सर.”

त्यांनी खुलासा दोनदा वाचला. “या वेळी ‘असावी’ म्हणाला नाहीत,” एवढेच बोलले आणि माझ्या सेवापुस्तकात ताशेरा लिहिला. तो अजून तिथे आहे. शोधनिबंधातून धावड्याचा ढग गेला आणि त्याबरोबर माझे नावही गेले. यंत्र मात्र धावड्यातच राहिले. महिन्यातून एकदा, आधी कळवून, एक गिलास पाणी घालायचे आणि तेवढे मिलिमीटर वजा करायचे, असा नियम तिन्ही गावांना लागू झाला. पावसाळा सुरू झाल्यावर धावड्याच्या पंचायतीच्या फळ्यावर मोसंबीचा पहिला सल्ला रहीमभाईंनीच खडूने लिहिला.

मी दर आठवड्याला जाऊ लागलो. पहिल्या खेपेला रहीमभाईंची माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, “जाऊ द्या साहेब. पर आता चहा पिऊनच जा. एकदा बोललोय म्या, ते खोटं नगं पडाया.” मी चहा प्यालो. एका आठवड्याचा नव्हे, मागची सारी बाकी धरून तीन कप.

आता पंचावन्नाव्या वर्षी नव्या मुलांना मी एवढेच सांगतो. आकडे घरबसल्या येतात. ते कोणी पाठवले, हे पाहायला मात्र आपल्यालाच जावे लागते. आणि शक्यतो शुक्रवार सोडून जावे.